सरावाचे यंत्र, निवाड्याचे यंत्र

गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यापीठांची परिपत्रके, महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका आणि पदवीदान समारंभांतील भाषणे यांतून एक शब्द सतत कानी पडू लागला आहे : रोजगारक्षमता. पूर्वी विद्यार्थ्याला सुसंस्कृत व चारित्र्यसंपन्न करण्याची भाषा असे. आता त्याला रोजगारक्षम करण्याची भाषा आहे. या बदलाला नाक मुरडण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. ज्या घरातून प्रथमच कोणी पदवीपर्यंत पोहोचले आहे, ज्या आईने त्यासाठी अंगावरचे दोन दागिने मोडले आहेत, त्या घरी ‘ज्ञानासाठी ज्ञान’ हा विचार परवडत नाही. शिकून पोट भरेल काय, हा प्रश्न क्षुद्र नव्हे. स्वतःच्या श्रमांवर ताठ मानेने उभे राहता येणे हे माणसाच्या प्रतिष्ठेचे पहिले लक्षण आहे, आणि जे शिक्षण ते देऊ शकत नाही त्याने संस्कृतीच्या गप्पा कोणत्या तोंडाने माराव्यात?

या शब्दाच्या जोडीने दुसरा शब्द येतो : तंत्रज्ञान. विद्यार्थ्यांना संभाषण, मुलाखत, हिशेब, प्रयोग, गटकार्य अशी कौशल्ये शिकवायची, तर संगणक हवा, भ्रमणध्वनी हवा, महाजालावरचे अभ्यासक्रम हवेत आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ताही हवी, असे सांगितले जाते. हे हवे की नको, हा वाद आता उरलेला नाही. ते आलेच आहे. उरतो तो प्रश्न निराळा आहे, आणि तो यंत्रशास्त्राचा नसून नीतीचा आहे. विद्यार्थी आणि हे यंत्र यांच्यात नाते कोणते असावे? यंत्र त्याच्या हाताखाली राहावे, की त्याच्या डोक्यावर बसावे? प्रस्तुत लेखात आम्हांला याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

शिक्षण आणि उपजीविका यांच्या संबंधाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी सरकारी उच्च शिक्षण व्यवहाराला निरुपयोगी असून त्यातून कारकून आणि शाळामास्तर तेवढे निपजतात, अशी तक्रार केली होती. प्राथमिक शाळांतून मोडी आणि बालबोध लिपी, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचेही पाठ द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र करण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर वसतिगृहातील मुलांच्या हाती कुदळ-फावडे दिले आणि १९४७ साली साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर महाविद्यालय उघडले. या तिघांच्या विचारांत भेद पुष्कळ आहेत. परंतु एक सूत्र समान आहे. हाताने काम करणारा विद्यार्थी हा त्यांच्या दृष्टीने कोणा मालकासाठी तयार केलेला माल नव्हता. कामातून तो स्वतः घडत होता, आणि त्या घडण्याचा धनीही तोच होता.

तंत्रज्ञानाची वाटही आपल्याकडे बरीच जुनी आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले आणि नोकरी करता करता शिकण्याची सोय मराठी भाषेत झाली. २००३ साली आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून अभियांत्रिकीची व्याख्याने सर्वांसाठी खुली करण्याचा उपक्रम हाती घेतला. २०१७ साली ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आले, आणि २०२१ पासून एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली. दूरदर्शनवरील व्याख्यान ठरलेल्या वेळी सुरू होई आणि विद्यार्थ्याला कळो न कळो, पुढे जाई. आजचे व्याख्यान तो थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो, दहा वेळा ऐकू शकतो. फरक वरवर लहान वाटतो. पण वेग ठरवण्याचा अधिकार प्रथमच शिकणाऱ्याच्या हाती आला आहे.

या अधिकाराचे एक उत्तम उदाहरण मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात सापडते. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे ध्वनिचित्रपाठ आहेत. विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्याच्या एका भागात पाठ लावायचा, उरलेल्या भागात प्रत्यक्ष प्रणाली उघडायची आणि पाठात जे दाखवले ते लगेच स्वतः करून पाहायचे. पाठातील आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. पडद्यावरची अक्षरे मात्र इंग्रजीच ठेवलेली आहेत, कारण उद्या नोकरीत त्याच पडद्याशी गाठ पडणार आहे. समजावयाचे मातृभाषेत आणि सराव करावयाचा कामाच्या भाषेत, अशी ही योजना आहे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याची अडचण कोठे आहे याचा किती बारकाईने विचार केला आहे, हे तीतून दिसते.

आता सरावाचे नैतिक मूल्य काय, ते पाहू. कौशल्य ही केवळ स्वतःच्या मालकीची वस्तू नसते. ते नेहमी दुसऱ्या कोणावर तरी वापरले जाते. परिचारिकेचे कौशल्य रुग्णाच्या शिरेवर, वैमानिकाचे कौशल्य प्रवाशांच्या प्राणांवर, हिशेबनिसाचे कौशल्य दुसऱ्याच्या पैशांवर. मग शिकाऊ माणसाने चुका कोणावर कराव्यात? हा फार जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुधा असे असे की, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्यावर : गरीब रुग्णावर, खेड्यातल्या शाळेवर. यंत्राने या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले.

अमेरिकेतील एडविन लिंक हा ऑर्गन तयार करणाऱ्याचा मुलगा. ऑर्गनमधील भात्यांच्या तंत्राचा उपयोग करून त्याने १९२९च्या सुमारास जमिनीवरच उड्डाणाचा सराव देणारे यंत्र बनवले. प्रारंभी त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. १९३४ साली अमेरिकी लष्करावर टपालवाहतुकीचे काम आले आणि धुक्यात, अंधारात उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेले अनेक तरुण वैमानिक अपघातांत दगावले. त्यानंतर लष्कराने ही सहा यंत्रे खरेदी केली. तसेच दुसरे उदाहरण नॉर्वेतील खेळणी बनवणारे ऑस्मुंड लेरदाल यांचे. छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन थांबलेले हृदय चालू करण्याचा सराव जिवंत माणसावर कसा करायचा? त्यांनी १९६० साली त्यासाठी माणसाच्या आकाराची बाहुली तयार केली. आज परिचर्या महाविद्यालयांतून अशा बाहुल्यांवर सराव करून मगच विद्यार्थिनी रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहते. तिच्या पहिल्या दहा चुका कोणाच्याही देहावर उमटत नाहीत. तंत्रज्ञानाने शिक्षणाला दिलेली ही देणगी केवळ सोयीची नाही. ती दयेची देणगी आहे.

चुकीला आणखी एक किंमत असते, ती म्हणजे लाज. मराठी माध्यमातून आलेला मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयाच्या वर्गात इंग्रजीत दोन वाक्ये बोलायला उभी राहते, एखादा शब्द चुकतो, मागच्या बाकावरून हसू फुटते आणि त्यानंतर तीन वर्षे ते तोंड उघडत नाही. असे किती आवाज आपल्या महाविद्यालयांतून मिटले असतील! सधन घरातील मुलाला चुकण्याची मुभा घरीच मिळालेली असते. जेवणाच्या टेबलावर, सुट्टीतल्या शिबिरात, खासगी शिकवणीत. गरीब मुलाला पहिली चूकसुद्धा चारचौघांत करावी लागते. भाषाप्रयोगशाळेत कानाला यंत्र लावून, किंवा भ्रमणध्वनीसमोर एकट्याने बसून, तो तेच वाक्य पन्नास वेळा म्हणू शकतो. यंत्र हसत नाही, कंटाळत नाही, त्याचे आडनाव विचारत नाही. चुकण्याचा जो अधिकार आजवर काहींच्याच वाट्याला होता, तो सर्वांना वाटून देणे ही आमच्या मते तंत्रज्ञानाची सर्वांत मोठी सेवा आहे.

परंतु सराव करवून घेणारे यंत्र आणि सराव टाळू देणारे यंत्र ही दिसायला सारखीच असतात, आणि येथूनच धोक्याला आरंभ होतो. ज्या विमानविद्येने आपल्याला सरावयंत्र दिले, तिनेच हा दुसरा धडाही दिला आहे. १ जून २००९ रोजी रिओ द जनेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अटलांटिक महासागरात कोसळून २२८ माणसे मृत्युमुखी पडली. वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने तुंबल्या, स्वयंचलित चालनव्यवस्था बंद पडली आणि विमान एकाएकी वैमानिकांच्या हाती आले. फ्रान्सच्या तपासयंत्रणेने २०१२ साली दिलेल्या अहवालात दिसते की, वैमानिकांना विमानाची खरी स्थिती उमगली नाही आणि त्यांच्या हातून झालेल्या हालचालींनी संकट वाढले. इतक्या उंचीवर हाताने विमान सांभाळण्याच्या प्रशिक्षणाकडे अहवालाने लक्ष वेधले. लिझान बेनब्रिज या संशोधिकेने १९८३ मध्येच इशारा दिला होता की, यंत्र नेहमीचे सोपे काम करते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसासाठी ठेवते. पण रोजचे काम हातातून गेल्यामुळे त्या अवघड प्रसंगासाठी लागणारा सरावच माणसाजवळ उरत नाही.

हा इशारा आज विमानापुरता राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि काही महिन्यांतच आपल्या महाविद्यालयांतील प्रकल्प, अहवाल, नोकरीचे अर्ज यांची भाषा अचानक सफाईदार झाली. व्याकरण निर्दोष, परिच्छेद नेटके. आणि लिहिणाऱ्याला त्यातील एका वाक्याचा अर्थ विचारावा, तर तो गोंधळतो. यावर असे म्हणतात की, कार्यालयातही उद्या हेच साधन वापरायचे आहे, मग ते वापरता येणे हेच कौशल्य नव्हे काय? गणकयंत्र आले तेव्हाही पाढ्यांसाठी असाच गळा काढला होता, याची आठवण करून दिली जाते.

हा युक्तिवाद आम्ही हलका लेखत नाही. साधन चालवता येणे हे कौशल्य आहेच. परंतु साधनाचे उत्तर चुकले आहे हे ओळखणे त्याहून वरचे कौशल्य आहे आणि ते साधनाकडून उसने मिळत नाही. ज्याला साधारण किती उत्तर यावे याचा अंदाज आहे, त्यालाच गणकयंत्रावर एक शून्य जास्त पडल्याचे कळते. प्लेटोने ‘फीड्रस’ या संवादात एक कथा सांगितली आहे. लेखनकलेचा शोध लावणारा देव आपली कला घेऊन इजिप्तच्या राजाकडे जातो, तेव्हा राजा म्हणतो की, या कलेने माणसे शहाणी होणार नाहीत. शहाणी झाल्यासारखी दिसू लागतील. लेखनाच्या बाबतीत राजाची भीती पुरती खरी ठरली नाही, हे त्याची कथा आपण लिखित ग्रंथात वाचतो यावरूनच सिद्ध होते. पण त्याने केलेला भेद मात्र खरा आहे. माझ्याकडून करवून घेणारे यंत्र मला घडवते. माझ्याऐवजी करणारे यंत्र मी घडलो आहे असा भास निर्माण करते. आणि महाविद्यालय जेव्हा त्या भासावर आपली मोहोर उमटवते, तेव्हा ते केवळ विद्यार्थ्याला फसवत नाही, तर ज्या अनोळखी माणसाला उद्या त्या कौशल्यावर विसंबायचे आहे त्यालाही फसवते. प्रमाणपत्र हे तिसऱ्या माणसाला दिलेले वचन असते.

आतापर्यंत यंत्र विद्यार्थ्याच्या शेजारी बसले होते. आता त्याने जागा बदलली आहे आणि ते न्यायासनावर चढले आहे. मोठ्या कंपन्यांकडे हजारोंनी येणारे अर्ज प्रथम संगणकीय प्रणाली चाळते. काही ठिकाणी उमेदवार कॅमेऱ्यासमोर एकटाच बोलतो आणि त्याच्या उत्तरांना प्रणालीच गुण देते. त्यामुळे महाविद्यालयांतील प्रशिक्षणही हळूहळू त्या चाळणीसाठी होऊ लागते. बायोडाटात कोणते शब्द घातले म्हणजे प्रणाली पुढे सोडते, कॅमेऱ्याकडे किती वेळ पाहावे, किती हसावे, हे शिकवले जाते. विद्यार्थी यंत्राकडून अर्ज लिहून घेतो आणि कंपनी यंत्राकडून तो वाचून घेते. दोन यंत्रांच्या या संभाषणात ज्या माणसाच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तो कोठे असतो?

हा निवाडा किती चुकू शकतो, याची उदाहरणे जगापुढे आहेत. ॲमेझॉन कंपनीने अर्ज पारखण्यासाठी एक प्रणाली तयार करण्याचा प्रयत्न केला होता. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ती शिकली. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते. म्हणून ज्या अर्जात स्त्रियांच्या संघाचा किंवा संस्थेचा उल्लेख येई, त्याचे गुण ती कमी करू लागली. कंपनीने ही प्रणाली सोडून दिली, हे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले. उमेदवारांची निवड या प्रणालीने कधीच केली नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. मुलाखती चित्रित करून त्यांचे मूल्यमापन करणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीने चेहऱ्यावरील हावभावांचे विश्लेषण थांबवल्याचे जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या पाच नामांकित प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या बोलण्यात त्यांच्या चुकांचे सरासरी प्रमाण शंभर शब्दांमागे सुमारे १९ होते. कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ते सुमारे ३५ निघाले. यंत्राचा कान ज्या आवाजांवर तयार झाला, तेच आवाज त्याला नीट ऐकू येतात. मग पालघरच्या, परभणीच्या, सिंधुदुर्गाच्या मुलीचे इंग्रजी उच्चार जेव्हा असा कान तपासतो, तेव्हा कमी गुण कोणाच्या उणिवेसाठी मिळाले, हे विचारण्याचा हक्क तिला असू नये काय? युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्याने कामाच्या जागी आणि शिक्षणसंस्थांत यंत्राद्वारे माणसांच्या भावना ताडण्यास, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली. ही बंदी फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. नोकरभरतीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना त्या कायद्याने अधिक जोखमीच्या वर्गात घातले आहे.

येथे कोणी न्याय्य आक्षेप घेईल की, माणसे काय निःपक्षपाती असतात? शिफारस, ओळखपाळख, जात, आडनाव, अंगावरचे कपडे यांवर माणसांनी केलेले निवाडे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. त्यापेक्षा यंत्र बरे. यात तथ्य आहे, आणि लेखी परीक्षेवर आसनक्रमांक आल्याने ज्यांना प्रथमच न्याय मिळाला त्यांचे ऋण आम्ही विसरत नाही. तरीही दोन भेद राहतात. पक्षपाती माणसाला ‘का?’ असे विचारता येते. तो उत्तर देणार नाही कदाचित, पण प्रश्नाने त्याला अवघडायला तरी होते. यंत्राला अवघडणे ठाऊक नाही, आणि त्याच्या मागे उभा असलेला माणूस ‘प्रणालीने नाकारले’ एवढे सांगून मोकळा होतो. दुसरे असे की, एका अधिकाऱ्याचा पूर्वग्रह त्याच्या खोलीपुरता असतो. शेजारच्या कचेरीत दुसरा माणूस भेटण्याची आशा राहते. एकच प्रणाली शंभर कचेऱ्यांच्या दारात बसली, म्हणजे एकच चूक शंभर दारे बंद करते. यंत्राने निवाड्यास साहाय्य करावे, विसंगती दाखवून द्यावी, माणसाच्या पूर्वग्रहावर बोट ठेवावे. परंतु नकार देण्याची जबाबदारी नाव असलेल्या माणसाचीच असली पाहिजे.

याहून खोल असा एक अन्याय ‘रोजगारक्षमता’ या शब्दातच दडला आहे. हा शब्द नोकरी मिळण्या-न मिळण्याचे सारे कारण विद्यार्थ्याच्या ठायी शोधतो. २००८च्या जागतिक मंदीत किंवा २०२०च्या टाळेबंदीत जे पदवीधर बाहेर पडले, त्यांची कौशल्ये आदल्या वर्षीच्या पदवीधरांपेक्षा काही कमी नव्हती. दारे कमी होती. पण त्यांच्या मनात मात्र ‘आपणच उणे आहोत’ हा ग्रह घर करून बसला असेल, तर नवल नाही. नोकऱ्या निर्माण करण्याचे उत्तरदायित्व शासनाचे, उद्योगांचे, समाजाचे आहे. ते बाजूला सारून प्रत्येक तरुणाच्या हाती एक नवा अभ्यासक्रम, एक नवे प्रमाणपत्र ठेवत राहणे म्हणजे तहानलेल्याला पाण्याऐवजी घडे देत राहणे होय. घडा हवाच, परंतु विहिरीचे काय, हेही त्याच श्वासात विचारले पाहिजे. आणि पाणी मिळाले नाही, म्हणून घडा घेऊन आलेल्याला दोष देता कामा नये.

मग महाविद्यालयांनी करावे तरी काय? आम्हांला वाटते, नियम तसा साधा आहे : सरावाची यंत्रे वाढवावीत आणि निवाड्याची यंत्रे संशयाने पाहावीत. संगणककक्ष संध्याकाळी उशिरापर्यंत उघडा ठेवावा. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसे आहेत, त्याला सरावासाठी जागा तेथेच मिळेल. सरावात झालेल्या चुकांची नोंद विद्यार्थ्याच्या मालकीची मानावी आणि त्याच्या संमतीवाचून ती कोणत्याही कंपनीच्या हाती देऊ नये. कारण चुका साठवून उद्या दाखवल्या जाणार असतील, तर सरावाच्या खोलीचेही न्यायालय होते. भरतीसाठी येणाऱ्या कंपनीला, आपण अर्ज कशाने चाळता आणि नाकारलेल्याला कारण मिळेल काय, हे महाविद्यालयाने आधीच विचारावे. विद्यार्थी एकटा हे विचारू शकत नाही. संस्था विचारू शकते. आणि प्रत्येक सत्रात एक तरी परीक्षा अशी असावी, जिच्यात शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसून बोलतात : हे तू कसे केलेस, येथे असे का लिहिलेस, हे चुकले असते तर काय झाले असते?

महाराष्ट्र शासनाने नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ मध्ये ठरवलेल्या पदवीच्या आराखड्यात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. फुले आणि कर्मवीर यांच्या विचारांशी नाते सांगणारी ही तरतूद आहे. परंतु तीही कागदावर पार पाडता येते. ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणावा, यंत्राकडून अहवाल लिहून घ्यावा आणि श्रेयांक मिळवावेत, ही वाट सोपी आहे. याउलट, जो विद्यार्थी संगणकावर हिशेबाची प्रणाली शिकला, तो गावच्या सहकारी पतपेढीत दोन महिने बसला, ठेवीदार म्हाताऱ्या बाईला तिच्या पासबुकातली नोंद त्याने समजावून सांगितली, तर यंत्रावर मिळवलेले कौशल्य माणसाच्या उपयोगी पडल्याचा अनुभव त्याला येतो. त्या बाईच्या प्रश्नाला गुण नाहीत, पण तिला समजले की नाही हे तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसते. इतका खरा परीक्षक कोणत्याही प्रणालीत बसवता आलेला नाही.

तंत्रज्ञान माणसाला कामाला तयार करू शकते, हे आम्ही मानतो. मात्र काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे, हा क्रम ते आपण होऊन सांभाळणार नाही. तो आपल्यालाच सांभाळावा लागेल. म्हणून एखाद्या महाविद्यालयात नवे यंत्र येईल, तेव्हा त्याची किंमत, वेग आणि कंपनीचे नाव यांच्या आधी एक प्रश्न विचारला जावा. या यंत्रासमोर बसलेल्या आमच्या मुलाला येथे चुकण्याची मुभा आहे काय? असेल, तर ते यंत्र निःशंकपणे आणावे. नसेल, तर त्याच्या शेजारी एक खुर्ची ठेवावी आणि तीवर शिक्षकाला बसवावे.